गॅस गेला कुठं, हे आधी विचारा

वणी तालुक्यातल्या एका गावातून निवृत्त गुरुजींनी विचारलंय. मजकूर थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला. या एप्रिलात थंडावा कमी झाला म्हणून कंपनीच्या नंबरवर तक्रार केली. नऊ दिवसांनी एक मुलगा आला, ‘गॅस संपला’ म्हणाला, गॅस भरला, ३,२०० रुपये स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतले आणि बिल न देता गेला. बारा दिवसांत पुन्हा गरम हवा. मग दुसरा मुलगा आला आणि ‘पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला, ९,८०० लागतील’ म्हणून गेला. कस्टमर केअर म्हणतं, आधीची तक्रार तुमच्या संमतीनं बंद झाली आहे, आता नवीन व्हिजिट चार्ज भरा. गुरुजींचा प्रश्न : आम्ही फसलो का, मशीनच खराब निघालं का, आणि आता करायचं काय?

गुरुजी, नमस्कार. फसवलं की नाही ते इथं बसून मला सांगता येणार नाही. पण काम अर्धवट केलंय हे तुमच्या लिहिण्यावरूनच दिसतं. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो, घरातली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो, परत येतो. मशीन चांगलं असेल तर दहा वर्षं तोच गॅस चालतो. तुमच्याकडे खरंच कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर पडलाय. ती जागा न शोधता वरून गॅस भरायचा म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा मारायची. तुमची हवा बारा दिवस टिकली.

मी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दुकान चालवतो. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. त्यातली चार वर्षं एका मोठ्या कंपनीच्या फ्रँचाइझीत कॉलवर काढली. म्हणजे तुमच्या घरी जो मुलगा आला तो मीच होतो असं समजा. त्याची बाजूही सांगतो, कारण ती कळली की त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं तेही कळतं.

कंपनी तालुक्याला स्वतःचा मेकॅनिक ठेवत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका फ्रँचाइझीला भाग वाटून दिलेला असतो. तिच्याकडे दोन-चार पक्के कारागीर, बाकी सीझनपुरती पोरं. पगार नावालाच, पैसे कॉलमागे. मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत फोन वाजायचा थांबत नाही. माझ्या वेळी दिवसाला बारा-पंधरा कॉल पडायचे. एका गावाहून दुसऱ्या गावाला पाऊण तास, तिथं टिनावर चढायचं, आणि टिन असं तापलेलं की पाना रुमालात गुंडाळून धरावा लागायचा. गळती नीट शोधायची तर नळीत दाबानं भरायला नायट्रोजन लागतो. तो सिलेंडर कमरेएवढा उंच आणि लोखंडी, मोटरसायकलवर येत नाही. नळीतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप येतो, पण तो चालवायचा म्हणजे अर्धा तास एकाच घरी बसायचं. गॅसचा छोटा कॅन मात्र डिकीत मावतो. म्हणून पोरगा गॅस भरतो, गुरुजी. जे डिकीत मावतं तीच दुरुस्ती होते.

आता त्या ‘संमतीनं बंद झाली’ची गोष्ट. काम झाल्यावर त्यानं तुमच्याकडून मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला असणार. काही कंपन्यांत त्याला हॅपी कोड म्हणतात. बहुतेक लोकांना वाटतं, तो माणूस येऊन गेल्याची हजेरी आहे. तसं नाही. तो आकडा सांगणं म्हणजे ‘काम समाधानकारक झालं, तक्रार बंद करा’ असं लिहून देणं. कोड गेला की फ्रँचाइझीच्या खात्यात कॉल जमा होतो आणि पोराला पैसे मिळतात. कोड मिळाला नाही तर कॉल उघडा राहतो, आणि उघडा कॉल जितका जुना होतो तितका वरून फ्रँचाइझीला जाब विचारला जातो. आमचा मालक सकाळी आल्या आल्या तेच पाहायचा, कोणते कॉल उघडे आहेत. कोणाकडे गॅस टिकला नाही, हे त्यानं चार वर्षांत कधी विचारलं नाही.

तेव्हा पैशांपेक्षा तो चार आकडी नंबर जास्त मोलाचा. पुढच्या वेळी मशीन तासभर चालवून, हवा मोजून, बिल हातात आल्यावरच द्या. मुलगा म्हणेल, ‘सर, नेटवर्क नाही, आत्ताच सांगा, मला पुढं जायचं आहे.’ त्याला बसवा, चहा पाजा, पण आकडा सांगू नका. ‘संध्याकाळी फोनवर सांगतो’ म्हटलं तरी त्याचं काही बिघडत नाही. ओटीपी फोनवरूनही चालतो, हे त्याला माहीत असतं.

हवा मोजणं अवघड नाही. बाजारात दीड-दोनशे रुपयांत वायर असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो. एसी १८ वर, पंखा फुल, दारं-खिडक्या बंद, वीस मिनिटं चालू द्या. मग इनडोअरच्या वरच्या जाळीपाशी, जिथून हवा आत ओढली जाते, तिथलं तापमान घ्या. नंतर खाली हवा बाहेर पडते तिथलं घ्या. दोन्हींत दहा-बारा अंशांचा फरक असेल तर मशीन काम करतंय. सहाच्या खाली असेल तर कुठं तरी घोळ आहे. मे महिन्यात भर दुपारी फरक थोडा कमी भरतो, ते धरून चाला. कंपन्या दीड टन म्हणतात तो बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. आपल्याकडे ४५ ला तोच दीड टन तेवढा उरत नाही, आणि खोलीवर टिन असेल तर विचारूच नका. त्यामुळे मोजायचं ते सकाळी सातला किंवा रात्री.

गळती कशी ओळखायची, यावर एक प्रसंग सांगतो. तो माझ्याच चुकीचा आहे.

२०११ चा मे. वर्धा नदीकाठचं गाव, एका काकाजींचं घर. दोन महिन्यांत मी तिथं तीनदा गॅस भरला होता. दर वेळी म्हणायचो, ‘काकाजी, उन्हाळा लय हाय, प्रेशर वाढते, गॅस उडते.’ हे सगळं थोतांड. आम्हाला वरिष्ठांनी शिकवलेलं वाक्य होतं, आम्ही म्हणत गेलो. तिसऱ्या खेपेला प्रेशर मोजायचा गेज लावून बसलो होतो. आउटडोअर मागच्या अंगणात, लोखंडी स्टँडवर, जमिनीपासून हातभर उंच. काकाजींची आई ओसरीत तुरीची डाळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, ‘बाबू, या एकाच नटाले मळ कावून बसते रे? दुसरा त लख्ख हाय. म्या दोनदा पुसला.’

वाकून पाहिलं. जाड पाइपच्या पितळी नटाभोवती काळ्या धुळीचं कडं होतं. बोट फिरवलं तर तेलकट. एसीच्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेल फिरत असतं. जिथून गॅस निसटतो तिथून तेलाचा अंशही निसटतो आणि त्यावर धूळ चिकटते. हे मी आयटीआयत परीक्षेत लिहिलं होतं. म्हातारीनं ते पदरानं पुसता पुसता पाहिलं होतं. घरातून एक रुपयाची शाम्पूची पुडी मागितली, वाटीत फेस केला, जुन्या टूथब्रशनं नटावर लावला. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. मग फेसातून मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला, थोड्या वेळानं दुसरा. नट काढला, पुसला, उन्हात धरला, तर कडेला केसाएवढी उभी चीर.

नव्या नटात चीर कशी, याचं उत्तर मला नंतर मिळालं. ते आउटडोअर गोठ्याच्या भिंतीला लागून होतं. जनावरांच्या मुतापासून अमोनिया निघतो, आणि ताण बसलेल्या पितळेला अमोनिया आणि ओल मिळाली की तडे जातात. इंग्रजांच्या काळात आपल्याच देशात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची. कारण कोणाला कळत नव्हतं, ते १९२१ मध्ये उलगडलं : घोड्यांचं मूत. माझ्या काकाजींकडे घोडे नव्हते, चार बैल आणि एक म्हैस होती. नट बदलला, पाइपची फ्लेअर, म्हणजे नटाखाली बसणारं पाइपचं पसरट तोंड, नवीन केली, मशीन गोठ्यापासून लांब अंगणाच्या बाजूला सरकवलं. तीन वेळच्या गॅसच्या पैशांपुढे हा खर्च काहीच नव्हता. काकाजींचे ते पैसे परत करायला मला दोन हंगाम लागले. फ्रँचाइझी कशाला देणार होती?

तर तुमच्याकडे आधी चारही नट पाहा. दोन आउटडोअरच्या बाजूला, झाकणाखाली किंवा उघडेच दिसतात. दोन इनडोअरच्या मागं, पाइपवरची टेप सोडली की दिसतात. ही टेप तुम्ही सोडू नका, मुलगा आला की सोडायला सांगा. आउटडोअरचे दोन मात्र मशीन बंद करून, मेन स्विच पाडून, तुम्ही स्वतः फेस लावून पाहू शकता. माझ्या अनुभवात घरच्या स्प्लिट एसीची गळती बहुतेकदा या चार जागीच सापडते, कारण बसवताना फ्लेअर घाईत केलेली असते. तिथं काही मिळालं नाही तरच कॉइलमध्ये बारीक छिद्र असण्याचा संशय घ्यायचा, आणि त्याला नायट्रोजन भरून, रात्रभर प्रेशर धरून ठेवून पाहावं लागतं.

गॅस कमी आहे हे मुलानं ठरवलं कशावरून, हेही विचारा. गेज लावला असेल तर कधी लावला? बंद एसीला गेज लावून प्रेशर दाखवणारे खूप आहेत. त्यातून गॅस किती आहे ते कळत नाही. तुमच्या स्वयंपाकघरातला सिलेंडर घ्या. शेगडीची ज्योत पहिल्या दिवशी जशी तशीच शेवटच्या आठवड्यात असते. आत थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत प्रेशर तापमानावर चालतं, मालावर नाही. म्हणून आपल्या बायका सिलेंडर हलवून पाहतात, ज्योत पाहत नाहीत. एसीचंही तसंच, वजन पाहायचं. इन्व्हर्टरमध्ये आणखी एक गोम आहे. खोली थंड व्हायला लागली की कॉम्प्रेसर हळू चालतो आणि सक्शनचं, म्हणजे जाड पाइपमधलं, प्रेशर बदलतं. मशीन टेस्ट मोडमध्ये फुल वेगात आणल्याशिवाय घेतलेला आकडा कामाचा नाही. आर-२२ नावाच्या जुन्या गॅसवर शिकलेला माणूस साठ-सत्तर पीएसआय (प्रेशरचं माप) शोधतो. तुमचं मशीन दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे बहुधा आर-३२ असेल. त्यात उन्हाळ्यात ११० ते १४० च्या आसपास दिसणं साधारण आहे.

आउटडोअरच्या बाजूला एक पाटी चिकटवलेली असते. तीवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं, दीड टनाला साधारण पाऊण किलोच्या आगेमागे. तुमच्या पाटीवरचा आकडा वहीत लिहून ठेवा. गॅस भरायला आलेल्या मुलाला म्हणा, कॅन काट्यावर ठेवून भर. काटा नसेल तर दुकानातला घ्या, किराणावाल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. भरण्याआधीचं वजन, भरल्यानंतरचं वजन, दोन्ही बिलावर. नळी उघडली असेल तर आधी व्हॅक्यूम, निदान अर्धा तास. काही जण व्हॅक्यूमऐवजी थोडा गॅस सोडून आतली हवा हाकलतात. आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि आत राहिलेली दमट हवा पुढं कॉम्प्रेसर खाते, म्हणून तसं करू देऊ नका. तो म्हणेल, ‘सर, एवढं कोणीच विचारत नाही.’ म्हणू द्या.

आता पीसीबी. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

बारा दिवसांपूर्वी जो एसी गॅस भरल्यावर थंड करत होता, त्याचा पीसीबी नेमका गॅस पुन्हा संपायच्या वेळी जावा, हा योगायोग फार मोठा आहे. इन्व्हर्टरचा पीसीबी राखणदारासारखा असतो. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर गरम होतो, सेन्सर ते पाहतो आणि पीसीबी मशीन थांबवून डिस्प्लेवर कोड दाखवतो. कुत्रा भुंकला म्हणून कुत्रा बदलत नाहीत. मुलानं कोणता कोड पाहिला ते विचारा, स्वतः मोबाइलनं फोटो काढा आणि मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात तो कोड शोधा. ब्रँडनिहाय कोड वेगळे असतात, त्यामुळे मी इथून सांगू शकत नाही. आणि वॉरंटी कार्ड काढा. बऱ्याच कंपन्या पीसीबीवर पहिल्या वर्षानंतरही वेगळी वॉरंटी देतात. दोन वर्षांच्या मशीनला ९,८०० मागण्याआधी त्यानं तुमचं कार्ड पाहिलं होतं का? कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात शहराबाहेरच्या किलोमीटरचे पैसे, गॅसचे, मजुरीचे वेगळे, असंही असतं. ‘दहा वर्षांची वॉरंटी’ दुकानात मोठ्यानं सांगितली जाते ती फक्त कॉम्प्रेसर नावाच्या डब्याची.

पीसीबी खरंच गेला असेल तर जुना बोर्ड परत मागा, आणि गेला कशानं तेही पाहा. आपल्याकडे त्याला दोन मोठी कारणं. एक पाल. आउटडोअरच्या डब्यात ऊब असते, ती आत शिरते आणि दोन टोकांवर आडवी पडून मरते. दुसरं व्होल्टेज. रात्री आठ ते अकरा गावातले सगळे कुलर, पंखे, वरून शेतातल्या मोटरी, आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच. तुमच्या घरी त्या वेळी किती व्होल्ट येतात, हे मल्टिमीटर लावून तीन दिवस लिहून ठेवा. नियमानं २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या दरम्यान यायला हवेत. मी आमच्या भागात रात्री नऊला १६५ मोजलेत. इतक्या कमी व्होल्टला इन्व्हर्टर सहसा बंद पडत नाही, वेग कमी करतो, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. दुपारी चांगला आणि रात्री नऊला ढिला, असं असेल तर दोष एसीत नाही, महावितरणच्या १९१२ वर तक्रार करा, लाइनमनला वहीतले आकडे दाखवा. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं खोक्यावर छापलेलं असतं ते अमुक व्होल्टपासून अमुक व्होल्टपर्यंत, तो आकडाही खोक्यावरच असतो. डीपीवरचा न्यूट्रल ढिला झाला तर घरात तीनशेच्या वर व्होल्ट येतात, आणि तेव्हा बोर्डावरचा फ्यूज आणि त्याच्या बाजूची बटणासारखी गोल चकती उडते. ती चकती उडायसाठीच असते, बोर्ड वाचवायला. वॉरंटी संपली असेल तर अशा बोर्डाला नागपूर-चंद्रपूरकडचे बोर्ड रिपेअर करणारे हजाराच्या आत-बाहेर ठीक करून देतात. वॉरंटी असेल तर बोर्डाला बाहेरच्या कोणालाही हात लावू देऊ नका, कंपनी मग तेच निमित्त करते.

आणखी एक शक्यता राहते. वणीकडे तुम्ही राहता, म्हणजे कोळशाचे ट्रक आणि जिनिंग दोन्ही. आउटडोअरच्या मागच्या बाजूच्या पत्र्याच्या बारीक फिन्समध्ये रुईचे तंतू अडकतात, त्यावर कोळशाची धूळ बसते आणि वाकळीसारखा थर होतो. हडंब्यावर तूर-सोयाबीन काढलं की त्याचा भुसाही तिथंच. मशीनला श्वासच घेता येत नाही. थंडावा कमी, बिल जास्त, आणि पहिल्याच भेटीत मुलगा म्हणतो, गॅस. बॅटरी लावून आतून प्रकाश टाका, आरपार दिसला नाही तर आधी धुवायचं. पाण्याची साधी नळी, आतून बाहेर, फार जोर नाही. जोराच्या पंपानं फिन्स वाकतात. इनडोअरची जाळी दर पंधरा दिवसांनी धुता, असं तुम्ही लिहिलंय, ते छानच. फरक ओळखायची एक खूण : जाळी तुंबली असेल तर सगळ्या कॉइलवर बर्फ जमतो आणि जाड पाइपही गार पडतो. गॅस कमी असेल तर बर्फ बारीक पाइपवर आणि जाड पाइप कोमट.

एसी बंद आहे तोवर कुलर चालवत असाल, म्हणून मध्येच एक सांगतो. पत्र्याच्या कुलरला चालू असताना ओल्या हातानं शिवू नका, पाणी टाकताना पिन काढा, आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर याच आठवड्यात बसवून घ्या. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकनं माणसं जातात, त्यात लहान पोरंही असतात.

आता पैशांचं आणि तक्रारीचं. बिल न देणं ही साधी गोष्ट नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात सेवेचं बिल न देण्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे. तुमच्याकडे ३,२०० गेल्याची यूपीआयची नोंद आहे, तारीख आहे, ‘तुमची तक्रार बंद केली’ असा कंपनीचा मेसेज आहे. पैसे मुलाच्या नंबरवर गेले म्हणून कंपनी हात झटकेल. पण तो मेसेज त्याच दिवशीचा असेल तर तो मुलगा त्यांच्याच वतीनं आला होता याचा तो चांगला पुरावा आहे. मेसेज पुसू नका. दोन्ही भेटींची तारीख, आलेल्या मुलानं सांगितलेलं कारण आणि रक्कम एका पानावर लिहा. गुरुजी आहात, अक्षर चांगलं असणारच.

मग कस्टमर केअरला फोन करून ‘नवीन तक्रार’ म्हणू नका. ‘रिपीट कॉल, बारा दिवसांत तोच दोष’ हे शब्द वापरा. केलेल्या दुरुस्तीवर बहुतेकदा काही दिवसांची हमी असते, आणि त्या मुदतीत तोच दोष आला तर सहसा व्हिजिट चार्ज लागत नाही. म्हणून तर ते तुम्हाला नवीन नोंद करायला सांगतात. फोनवर जे बोलणं झालं ते त्याच दिवशी ई-मेलनं कंपनीला पाठवा. त्यात तीनच गोष्टी मागा : ३,२०० चं बिल, गळती शोधून केलेली दुरुस्ती, आणि पीसीबीचा दोष लेखी. सात दिवस द्या. फ्रँचाइझीच्या मालकाशी भांडत बसू नका, तो तुमच्यासारख्या चाळीस जणांशी रोज भांडतो, त्याला सवय आहे.

सात दिवसांत हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. तिथून तुमची तक्रार कंपनीच्या वरच्या कचेरीत जाते, आणि माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त प्रकरणं तिथंच मिटतात, कारण फ्रँचाइझीला वरून फोन येतो. आमच्या मालकाला एकदा तसा फोन आला होता, त्या दिवशी आम्हाला दुपारची सुट्टी मिळाली नाही आणि संध्याकाळपर्यंत त्या गिऱ्हाइकाची कॉइल बदलून झाली होती.

तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुमच्यासाठी यवतमाळचा. जुन्या कायद्यात कंपनी जिथं असेल किंवा घटना जिथं घडली तिथं जावं लागायचं, आता तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तू-सेवेला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती नावाच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. पण खरं सांगू, ३,२०० साठी मी तुम्हाला लगेच आयोगात जा म्हणणार नाही. ई-मेल आणि १९१५, एवढ्यावर आधी भर द्या. कॉम्प्रेसर बदलायची पाळी आली आणि तेही नाकारलं, तर मात्र सोडू नका.

बाहेरचा मेकॅनिक बोलवावा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. वॉरंटी शिल्लक असेल तर नको. संपली असेल तर खुशाल, पण गावात पाटी लावलेल्या प्रत्येकाला एसी येतो असं नाही. फोनवर त्याला एकच विचारा : ‘भाऊ, व्हॅक्यूम पंप घेऊन येशील का?’ ‘कायले पायजे तो?’ असं म्हणाला तर दुसरा पाहा.

आता तुम्ही मला दोन गोष्टी कळवा. आउटडोअरच्या दोन नटांचा जवळून फोटो काढा, पुसण्याआधी. आणि ते मशीन गोठ्याकडे लावलंय की रस्त्याकडे, तेही लिहा.